ताबिशवरचा सीलबंद आरोप

हाफिजाने दार उघडलं तेव्हा तिच्या ओढणीचं टोक पिळून पिळून दोरीसारखं झालं होतं.

"मंगलाताई, पोरीने कालपासून घास नाय घेतला. तीन वाजता अमेरिकेहून होणाऱ्या जावयाचा, ताबिशचा फोन यायचाय. हे म्हणतात, आज खलास, ठरलेला निकाह मोडायचा!"

जयप्रकाशने घड्याळ पाहिलं. दोनला दहा कमी. मस्कतहून ओमानमधल्याच सूर या बंदरापर्यंत गाडी हाकताना तो सारखा घड्याळ पाहत होता. त्याची बायको मंगला मात्र शांत. अकरा वर्षं तिने मस्कतमध्ये बसून अमेरिकन वकिलांचे कागद तपासले होते. आता ती ओळखीपाळखीतल्या चौकश्या करायची आणि तो सारथी.

टेबलावर एकच पान होतं, इंग्रजीतलं. हाफिजाला ते वाचता येत नव्हतं, म्हणून मंगलाने मराठीत सांगितलं.

"न्यू जर्सीच्या ग्रँड ज्युरीने ताबिशला व्हिसाच्या कागदांत फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरवलंय. गुन्हा कबूल आहे की नाही, हे सांगायला त्याने चौदा जूनला कोर्टात हजर व्हावं. प्रकरण सीलबंद. बाहेर चौकशी करू नये."

"तो शपथेवर नाही म्हणतो," हाफिजाची मुलगी मेहविश म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. बाहेर समुद्र भरतीला आला होता आणि घर ओहोटीला.

तिचे वडील मुस्तफा गलबतांच्या कारखान्याजवळ दोर आणि रंग विकत. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"मेल दुकानावर आला. प्रिंट काढला, आणि मेल चुकून उडाला," ते म्हणाले. "'नाही'शिवाय दुसरं काय बोलणार तो? रविवारी कोर्टात उभा राहणारा जावई मला नको."

"दुसरं कुणाला हे स्थळ खुपतं?" मंगलाने विचारलं.

"माझ्या नणंदेला, अमीरुन्निसाला," हाफिजा म्हणाली. "तिचा लेक रत्नागिरीत कोर्टात टायपिस्ट. त्याच्यासाठी मेहविश हवी होती."

मंगलाने तिला फोन लावला. पलीकडून फटाका फुटला. "माझ्या पोराला मुली मिळत नाहीत की काय? ठेवा फोन!"

मग हाफिजाचा भाचा मुआज आला. तो याच घरात राहायचा, अमेरिकन पर्यटकांची बुकिंग सांभाळायचा.

"मेहविश मलाही आवडायची," तो फटकन म्हणाला. "म्हणून कागद मी बनवला, असंच ना?"

"तसं कुठे म्हटलं? तुला सुट्टी कधी असते?" मंगलाने विचारलं.

"शुक्रवारी. आणि रविवारी बसून माश्या मारतो. तिकडे सगळं बंद, कुणी फोन उचलत नाही."

जयप्रकाशने बायकोला बाजूला घेतलं. "हाच! कॉम्प्युटर आहे, इंग्रजी आहे, मनात काटा आहे."

"गाडी छान चालवता हो तुम्ही," मंगला म्हणाली आणि सगळ्यांना बोलावलं. तीनला वीस मिनिटं उरली होती.

"हा कागद खोटा आहे. ग्रँड ज्युरी कुणाला दोषी ठरवतच नाही. खटला भरण्याइतकं कारण आहे का, एवढंच ती पाहते. गुन्हा शाबीत होतो तो पुढे खटल्यात, नाही तर आरोपीच्या कबुलीने. आणि आधीच दोषी ठरवलं, तर कबूल आहे का हे विचारायला कशाला बोलावतील?"

मेहविशने कागद उचलून पुन्हा वाचला.

"मग कुणी केलं?" जयप्रकाशने विचारलं.

"चौदा जूनला रविवार आहे. अमेरिकेत कोर्टाला सुट्टी. रत्नागिरीतही सुट्टी. कोर्टातला टायपिस्ट ही चूक करणार नाही. रविवारी काम सुरू होतं ते आपल्याकडे, ओमानात. म्हणजे कागद इथला."

सगळ्यांच्या नजरा मुआजकडे वळल्या.

"त्याला तर तिकडचा रविवार पाठ आहे. हाफिजाभाभींना इंग्रजी येत नाही, आणि मला त्यांनीच बोलावलं." मंगलाचा आवाज मऊ झाला. "मुस्तफाभाई, या पानावर वार कुठेच लिहिलेला नाही. तरी तुम्ही 'रविवारी' म्हणालात. तारीख ठरवताना कॅलेंडर तुम्हीच पाहिलं होतं."

मुस्तफांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले.

"मी गाव सोडून सूरला आलो तेव्हा माझी आई हसत हसत दारात उभी होती," ते म्हणाले. "तिच्या मातीला मी पोचलो नाही. तीस वर्षांत एवढं कळलं, दूर गेलेलं माणूस पाहुणा होऊन येतं. मला माझी लेक पाहुणी नको होती."

"आणि ताबिश? त्याच्या नावाला काळं फासलंत ते?" मेहविश म्हणाली. "अब्बा, एकदा तोंडाने 'जाऊ नको' म्हणाला असतात, तर मी थांबले असते. आता नाही थांबणार."

हाफिजाने लेकीला जवळ घेतलं.

बरोबर तीनला फोन वाजला. मेहविशने तो न उचलता वडिलांच्या हातात ठेवला.

"तुम्हीच बोला."

मुस्तफांनी फोन उचलून कानाला लावला. मग पलीकडून जागरणाने जड झालेला आवाज आला, "अस्सलामु अलैकुम. मेहविश? त्या कागदाचं काही कळलं का?"

"मी मुस्तफा बोलतोय, बेटा." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "कळलं. तो मी लिहिला."