गार आहे ना?

भर दुपारी बहिणीचा फोन आला, स्वयंपाकघरातल्या बोर्डाला जळका वास येतोय. मी वायरिंगवाला, पक्कड-टेस्टर घेऊन गेलो. जुन्या बोर्डांचं हे नेहमीचंच रडगाणं. दिवसा उकाड्यानं तार फुगते, रात्री आकसते, अशानं स्क्रू सैल पडतो. सैल पडला की तापतो, तापला की आणखी सैल पडतो. लोकांना सांगून सांगून तोंड दुखलं माझं.

मेन बंद केलाय, म्हणाली. बोर्ड उघडला. तारेवरचं प्लॅस्टिक जळून कोळसा झालेलं, पण हाताची उलटी बाजू लावली तर स्क्रू गारठलेला. टेस्टरही पेटला नाही.

मागून तिनं शांतपणे विचारलं, "दादा, त्या दिवशी ह्यांनी तुला काय विचारलं होतं?"

भावोजी आणि मी जोडीनं काम करायचो. बंद लाइनला आम्ही 'गार' म्हणायचो. त्या दुपारी कारखान्याच्या जुन्या पॅनेलमध्ये हात घालण्याआधी त्यांनी विचारलं होतं, गार आहे ना? मी पलीकडे मेनच्या झाकणाला हात लावून ते तापलंय का बघत होतो. वाटलं, झाकणाचंच विचारतायत. म्हटलं, गार. लाइन चालू होती. नंतर सगळ्यांना सांगितलं, त्यांनी न विचारताच हात घातला. मेलेला माणूस काय भांडायला येतोय?

"काही नाही विचारलं," मी म्हणालो.

"बरं. आवळ मग स्क्रू."

डाव्या हाताच्या बोटानं तार स्क्रूवर दाबून धरली... आणि चर्र झालं. शॉक नव्हता तो. मघाचाच गार स्क्रू लालबुंद झाला होता, अन् बोट काही सुटेना. जळक्या कातडीचा वास आला... आणि बोर्डाच्या आतून, अगदी हळू, भावोजींचा आवाज...

"गार आहे ना?"

बहीण ओट्याला टेकून बघत होती. म्हणाली, खरं सांग, हे सोडतील. पण माझ्या तोंडून ते ऐकलं असतं, तर तिनं मला पुन्हा दारात उभं केलं नसतं. तिच्याशिवाय माझं आहे कोण? मी दात आवळून गप्प राहिलो.

बोट सुटलं तेव्हा टोक तिथंच राहिलं होतं. तिनं फडकं बांधलं, चहा दिला.

"उद्या ये दादा. अजून तीन स्क्रू राहिलेत."

आज तिसरा दिवस. चला, निघतो, ती वाट बघत असेल.