तीन प्रती

"सर्व्हर उठतच नाहीये हो!" वेनिंग ओरडली. "काळ्या पडद्यावर एकच ओळ येते, डिस्क सापडत नाही म्हणून. आणि वरच्या मजल्यावर ती बाळंतीण रक्तासाठी खोळंबलीय."

इंडोनेशियातल्या सेमारांगच्या त्या रक्तपेढीत सकाळचे नऊ वाजले होते. ए निगेटिव्ह रक्ताची माणसं शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांची यादी त्या बंद यंत्रात. बाराच्या आत रक्त हवं होतं. त्याच सकाळी सात वाजता नवा कर्नल, म्हणजे यंत्राला जागं करणारा मूळ प्रोग्राम, वेनिंगनेच बसवला होता.

तातडीने बोलावलेली बू पालुपी, म्हणजे पालुपीबाई, खुर्चीत बसली. यंत्रांचे असले घोळ उकलणं हाच तिचा धंदा. तिचा सोबती गुनादी दारातच घाम पुसत उभा राहिला.

"जुना कर्नल निवडून पाहिलास?" पालुपीने विचारलं.

"पाहिला. तोही तिथेच अडकतो."

"मग घातपातच!" गुनादी म्हणाला. "दोन्ही एकदम कसे बिघडतील?"

पालुपीने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. "बसवताना काही वेगळं जाणवलं?"

"शेवटची पायरी नेहमीपेक्षा लवकर संपली. एक ओळ भर्रकन वर गेली. मी... मी वाचलीच नाही." तिला रडू फुटलं.

तेवढ्यात विभागप्रमुख पाक मुरसिद, म्हणजे मुरसिदसाहेब, कागद घेऊन आले. "बू, आधी हा अर्ज भरा. तीन प्रतींत."

"तिकडे बाई मरायला टेकलीय, पाक."

"म्हणूनच तर! उद्या कुणी विचारलं तर? तीन प्रती केल्याशिवाय मी कशाला हात लावू देत नाही. तीस वर्षांत माझा एक कागद हरवलेला नाही."

पालुपीने दारावरच्या कार्डयंत्रातली नोंद पाहिली. "रविवारी या सर्व्हरच्या खोलीत कोण आलं होतं? दाराच्या नोंदीत एकच कार्ड दिसतंय."

"मीच. मोठं काम व्हायचं होतं, जरा खबरदारी घेतली. तुम्ही त्या तेगरला विचारा, आधी ही यंत्रं तोच बघायचा. शुक्रवारी आम्हाला शिव्या घालून नोकरी सोडून गेलाय."

पालुपीने तेगरला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"मी कसा शिरणार?" तो भडकला. "पाक मुरसिदनी सगळे पासवर्ड माझ्यासमोरच बदलले की!"

वेनिंगने फोन हिसकावला. "खोटारड्या! तुझ्यामुळे एक जीव जाईल!"

फोन कट झाला. मुरसिद मान खाली घालून म्हणाले, "पासवर्ड बदलले होते, हे खरंय."

पालुपीने आपल्या पेनड्राइव्हवरून यंत्र चालू केलं, डिस्क उघडून पाहिली आणि खुर्ची फिरवली.

"तेगरचा काही संबंध नाही. यंत्र सुरू करणाऱ्या फायलींना डिस्कवर एक छोटासा कप्पा असतो. तो ठासून भरलाय. प्रत्येक कर्नलला डिस्क ओळखायला एक सोबतची फाइल लागते. जागाच नाही, म्हणून ती अर्धवट लिहिली गेली आणि पायरी लवकर संपली. त्याच झपाट्यात जुन्या कर्नलचीही फाइल नव्याने लिहायला घेतली, तीही अर्धीच राहिली. म्हणून दोघेही एकाच जागी अडले."

"पण कप्पा भरला कोणी?" गुनादीने विचारलं.

"ज्याला तीन प्रतींशिवाय चैन पडत नाही त्याने. रविवारी खोलीत एकटेच होतात ना, पाक? यंत्र सुरू करणाऱ्या जुन्या फायलींच्या तीन प्रती काढल्यात, पण ठेवल्यात त्याच कप्प्यात."

मुरसिदांनी हातातले अर्ज खाली ठेवले. "अहो, हाताशी असाव्यात म्हणून... मला काय ठाऊक!"

"त्या पूर्ण आहेत, हे आपलं नशीब. एक जागेवर ठेवते, बाकीच्या बाहेर."

तिची बोटं चालू लागली. यंत्र बंद झालं, पुन्हा चालू झालं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. ती मेली ओळ आत्ता येईल, आत्ता येईल, असं वाटून वेनिंगने डोळे मिटून घेतले.

"उघड डोळे," पालुपी म्हणाली. "यादी शोध."

शहरात तीनच नावं होती. पहिला माणूस जकार्ताला गेलेला. दुसऱ्याचा नंबर बंद. तिसरं नाव वेनिंगने दोनदा वाचलं. तेगर.

तिने फोन लावला. पाच वेळा रिंग वाजली.

"तेगर, ठेवू नकोस रे! मी चुकले, वाट्टेल ते बोल मला. पण ए निगेटिव्ह हवंय, बाराच्या आत..."

पलीकडून मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज आला.

"शिव्या तिथे येऊन घालतो," तेगर म्हणाला. "कितव्या मजल्यावर येऊ?"