बेटावरची मोजणी

जिंतूरजवळच्या धरणात, पार उत्तरेला, तीन बेटं आहेत. हिवाळ्यात तिथं चक्रवाक उतरतात. त्यांचे फोटो काढायला सात हौशी मंडळींना घेऊन शिवकन्या आयुष्यात पहिल्यांदाच निघाली होती. पूर्णा गावातल्या स्टुडिओत लग्नांचे अल्बम करून करून ती विटली होती. ही सहल नीट पार पडली, तर त्या अल्बमांतून तिची सुटका होणार होती.

शेवटच्या बेटावर मंडळी पांगली आणि सकाळी आठला धुकं उतरलं. इतकं दाट, की गळ्यातला कॅमेरा दिसेना. ओल्या गाळाचा वास नाकात बसला. शिवकन्येनं सगळ्यांना नावेपाशी गोळा केलं आणि खांदे चाचपून मोजलं. सहाच! मैत्रेयी नव्हती. शिवकन्येनं जोरात हाक मारली.

"मैत्रेयी...!"

"ताई, वरडू नगा," म्हातारा नावाडी आश्रुबा हळूच म्हणाला. "धुईत आवाज फिरतो. बाई भलतीकडं धावली तर... तिकडं गाळ हाय. म्हैस गिळंल एवढा."

शिवकन्या गप्प झाली. सगळेच गप्प. पाण्याची चुळबुळ तेवढी ऐकू येत होती. आपण एका बाईचा जीव घालवला, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

दहा मिनिटांनी टेकाडावरून पावलं वाजली. मैत्रेयी! तिचे बूट कोरडे होते.

"बरं झालं, तुम्ही मोजत राहिलात," ती धापा टाकत म्हणाली. "मी उलटीच चालले होते. पण ताई, एकच्या जागी 'लाभ' का म्हणत होतात? लाभ... दोन... तीन... आणि आवाज इतका घोगरा?"

मोजलं तर कुणीच नव्हतं. शिवकन्येला ती मोजणी ओळखीची वाटली. खळ्यावर धान्य मापताना तिचे वडील पहिल्या पायलीला 'एक' कधीच म्हणत नसत, 'लाभ' म्हणत.

आश्रुबानं टोपी काढली. "गाव बुडालं, हे टेकाड तेवढं राह्यलं. हितं माझ्या आज्याचं खळं व्हतं. भ्यायचं न्हाई ताई... त्याच्या मापात कदी कमी पडलं न्हाई."

नाव निघाली. शिवकन्येचा जीव आत्ता कुठं भांड्यात पडला होता. मैत्रेयीनं लेन्सची पिशवी उघडली आणि ती थबकली. पिशवीत काठोकाठ ज्वारी होती.

शिवकन्येनं मूठभर हातात घेतली. सूर्य अजून दिसलाही नव्हता, पण ज्वारी दिवसभर उन्हात पडल्यासारखी गरम होती.