एक ठोका म्हणजे नळ उघड

कॅम्परमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, हिवाळा काढायचा तर गॅसची भट्टी चालू ठेवावी लागते, हे माझा नवरा सोडून सगळ्या नॉर्थ डकोटाला कळतं. व्हर्लिनचं म्हणणं, गॅस जाळणं म्हणजे पैसा जाळणं. म्हणून हा माणूस विजेचा छोटा हीटर लावतो आणि तो नेमका थर्मोस्टॅटखाली ठेवतो. थर्मोस्टॅटला वाटतं सगळं घर उबदार आहे, त्यामुळे भट्टी पेटतच नाही. पण भट्टीची गरम हवा काही फक्त आमच्यासाठी नसते. पायाखालच्या फळ्यांच्या खाली, कॅम्परच्या पोटात पाण्याच्या नळ्या असतात, त्यांनाही तीच ऊब लागते. भट्टी बंद राहिली की नळी गोठते, आणि नळी गोठली की व्हर्लिन हेअर ड्रायर घेऊन कॅम्परखाली बर्फात उताणा.

"चाळीस वर्षं लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त केलेत मी, आर्लिस," तो म्हणतो.

"ट्रॅक्टरमध्ये कोणी भांडी घासत नाही," मी म्हणते. पालथ्या घड्यावर पाणी.

ऑक्टोबरात त्याला न्यूमोनिया झाला होता. आम्ही दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की यांची फुप्फुसं आता पुन्हा थंडी सोसायची नाहीत. बजावलं ते माझ्याकडे बघून. त्याला सांगून उपयोग नाही हे त्यांनीही ओळखलं असावं. त्यामुळे यंदा माझं काम एकच, या माणसाला बर्फ वितळेपर्यंत गरम ठेवायचं. मी थर्मोस्टॅटचा काटा वर करायची, तो खाली करायचा. तळ्याकाठच्या, हिवाळ्यापुरत्या बंद असलेल्या कॅम्पात राखणीला आम्ही दोघंच. मालक गॉर्डी अधूनमधून भरलेल्या गॅसच्या टाक्या टाकून जायचा. भांडण सोडवायला तिसरं कोणी नव्हतं.

थंडीत झोपेतला श्वास काचेवर पाणी होऊन बसतो. रोज सकाळी काचा पुसायच्या, फडकं पिळायचं, परत पुसायच्या. व्हर्लिनच्या उशाकडची काच सगळ्यात ओली, कारण तो तोंड उघडं टाकून घोरतो. डिसेंबरात ती काच कमी भिजायला लागली. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. तेवढंच काम वाचलं.

"बघ. भट्टी कमी, तर ओल कमी," तो म्हणाला.

"मग माझ्या बाजूची का भिजते?"

"तू बोलतेस जास्त."

पुढे काचेवर बशीएवढा ओला गोल उरला. मग तोही दिसेना. काच इतकी कोरडी की पलीकडचं गोठलेलं तळं स्वच्छ दिसायचं. आणि सिंकपुढे पायाशी जी जाळी आहे, भट्टीची हवा येते ती, ती सकाळी ओली सापडायला लागली. थेंब जाळीच्या खालच्या अंगाला लटकलेले. मी जाळीवर हात धरून पाहिला. वारा येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. कोमट. भट्टी तर बंद होती.

"झडपेचं काहीतरी असेल," व्हर्लिन म्हणाला. त्याला सगळीकडे झडपच दिसते.

मी वैतागून जाळीवर पायपुसणं टाकलं. सकाळी ते मधोमध भिजलं होतं. बशीएवढं.

त्याच दुपारी पाणी गेलं. सूप टाकायला मी पातेलं नळाखाली धरलं आणि नळ नुसता खाकरला. हीटर थर्मोस्टॅटखाली लाल होऊन बसलेलाच होता. मी त्याची वायर उपटली आणि जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

व्हर्लिन टोपी शोधायला लागला.

"उद्या गॉर्डी येतोय. तोवर थांब," मी म्हणाले.

"तोवर नळी फुटेल."

"फुटू दे. नळी नवी मिळते." मी दारात आडवी उभी राहिले. "तुझं काही झालं तर मी काय करू, ते सांगून जा."

त्यानं माझे खांदे धरून मला हळूच बाजूला केलं. "पाच मिनिटं, आर्लिस. एक ठोका म्हणजे नळ उघड, दोन म्हणजे बंद. इतक्या वर्षांत पाठ झालं असेल ना?"

मी भट्टी लावली आणि काटा टोकाला नेला. खालून ड्रायरची घरघर सुरू झाली. मग खोकला आला, बराच वेळ. मग नुसती घरघर.

मी जाळीशी वाकले. "पुरे झालं, व्हर्लिन. वर ये."

जाळीतून भट्टीची हवा एकसारखी येत होती; तो थांबून थांबून येणारा वारा मात्र थांबला होता.

दार उघडलं. व्हर्लिन आत आला, टोपी काढली आणि आपल्या खिडकीशी जाऊन बसला. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं. ट्रॅक्टर, हीटर, डॉक्टरीणबाई, सगळं काढलं.

"भट्टी जरा वाढव ना," तो म्हणाला.

हे वाक्य मी त्याच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

काटा टोकालाच होता. मी त्याला गोधडीत गुंडाळलं, कॅनमधल्या पाण्याची कॉफी ठेवली. वाफेनं सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या. त्याच्या पाठीमागची तेवढी कोरडी राहिली.

"ड्रायर बंद करायचा राहिला तुझा," मी म्हणाले. "खाली चालूच आहे."

त्यानं गोधडी आणखी घट्ट ओढून घेतली.

मी बुटांकडे हात नेला.

तेवढ्यात सिंकखालून ठोका आला. एकच, इतकी वर्षं व्हर्लिन मारतो तसाच.

मी व्हर्लिनकडे पाहिलं. तो नेहमीसारखाच माझ्यावर वैतागलेला होता.

"अगं, उघड ना नळ," तो म्हणाला. "कधीचा गारठतोय तो खाली."