बाजूच्या दारापाशी काढलेले बूट

स्वरालीने वही माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "आजोबा, मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुमचा तो गोष्ट लिहा." नात इथे इंग्लंडातच जन्मली, तिला गोष्ट कधी तो असते, कधी ती. मी म्हटलं, मी सातवी नापास माणूस, मला कशाला कामाला लावता? तर सून अर्चना आतून म्हणते, "लिहा हो बाबा. तेवढा वेळ तरी बूट घालून घरभर फिरणार नाही."

आता बूट घालूनच लिहितोय. कुणाला आवडो न आवडो.

अल्विन हॅलिडे माझा शेजारी. लंडनजवळ स्लाऊला एकाच गोदामात आम्ही सव्वीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवली. मूळचा बार्बेडोसचा, बारा वर्षांचा असताना आईबरोबर इकडे आला. काळा आहे. मंडळातल्या काही जणांनी मला विचारलंय, "दीनानाथकाका, आपल्यात कुणी मित्र मिळत नाही का तुम्हाला?" त्यांनीही हे वाचावं. अल्विन माझ्या घरी आला की दारातच बूट काढतो. त्याला कधी सांगावं लागलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत त्याला कुठूनसं कळलं, की दक्षिण किनाऱ्यावरच्या एका जुन्या बंदराच्या शहरात हॅलिडे नावाच्या साखरेच्या व्यापाऱ्याचं घर आहे. आता त्याचं म्युझियम केलंय. त्या हॅलिडेचे बार्बेडोसला उसाचे मळे होते आणि अल्विनचे पूर्वज त्या मळ्यावर गुलाम. मालकाचं नाव यांना चिकटलं ते आजपर्यंत.

"माझ्या दारावर आहे ते नाव त्याच्या दारावर बघायचंय, बस," अल्विन म्हणाला. "पण एकटा नाही जाणार. तसल्या गावात मी एकटा दिसलो की बाया पर्स छातीशी धरतात."

"मी बरोबर असलो तर?"

"तर दोन चोर दिसतील. पण गप्पा तरी होतील."

शहराचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तुमच्यातला कुणीतरी रविवारी पोरंबाळं घेऊन जाईल.

गाव देखणं आहे, खोटं कशाला बोलू. अरुंद गल्ल्या, खाली समुद्र, डोक्यावर सीगल ओरडत होते. दुपारी चहा प्यायला बसलो तर वाढणारी पोरगी अल्विनला म्हणते, तुम्ही कुठले?

"स्लाऊ."

"नाही, म्हणजे त्याआधी?"

"त्याआधी हॅरो, लंडनलाच."

पोरगी गेली. अल्विन हसला, पण चहा त्याने अर्धा तसाच टाकला.

तीनच्या सुमाराला त्या घरापाशी पोचलो. पाऊस बारीक लागला होता. दारावर पितळेत कोरलेलं नाव, हॅलिडे. अल्विन हात लावायला पुढे झाला तेवढ्यात दार उघडलं. दारात एक म्हातारी गोरी बाई, चष्म्याला मोत्यांची साखळी, छातीवर बिल्ला: मिसेस डॉड्रिज.

"पुढचं दार बुकिंगवाल्यांसाठी आहे."

"आमचं बुकिंग आहे," मी म्हटलं. स्वरालीने माझ्या नावावर, घरच्या पत्त्यावर केलं होतं. फोन पुढे धरला. बाईने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुमचं कसलंही बुकिंग नाही. बाजूच्या दाराने या."

आमच्या मागे एक गोरं जोडपं उभं होतं. बाप्या म्हणाला, अहो, आम्ही बुकिंग करायचं विसरलोच. बाई हसली आणि त्यांना पुढच्या दाराने आत घेतलं. माझं डोकं फिरलं होतं, पण अल्विनने कोपर धरलं. "सोड, दीना. मी घर बघायला आलोय, भांडायला नाही."

बाजूचं दार गल्लीत, पाच पायऱ्या उतरून. आत दगडी फरशी आणि दाराशेजारी लाकडी खणांचं एक शेल्फ. माझ्या बुटांना चिखल लागला होता. मी वाकलो, बूट काढले आणि एका खणात ठेवले. घर कुणाचंही असो, ते घर. साठ-सत्तर वर्षांची सवय आहे. मला बघून अल्विननेही काढले. नाताळात पोरीने घेऊन दिलेले, अकरा नंबरचे, कोरे करकरीत. त्याच्या मनात नव्हतं. त्याने माझं बघून काढले, एवढं लक्षात ठेवा.

आत तळघरातलं स्वयंपाकघर. माणूस कुणी नाही. वर त्या जोडप्याच्या चालण्याचा आवाज येत होता, तोही थोड्या वेळाने थांबला. जळलेल्या साखरेचा वास होता, जुन्या चरबीचा, आणि ओल्या दगडाचा. भिंतीवर उंच, नोकरांना वर बोलवायच्या घंटांची रांग, प्रत्येकीखाली खोलीचं नाव. अल्विन लांबलचक टेबलापाशी जाऊन उभा राहिला. मी भिंतीवरची पाटी वाचायला लागलो. इंग्रजी मला अक्षर जुळवून वाचावं लागतं.

लिहिलं होतं... या घरातल्या काळ्या नोकरांना अनवाणी ठेवत असत. घरात शिरताना त्यांचे बूट... बाजूच्या दारापाशी काढून घेत... म्हणजे बाहेर पळता येऊ नये.

शेवटच्या शब्दाशी पोचलो आणि एक घंटा वाजली.

तार थरथरत होती. खाली लिहिलं होतं, मालकांची खोली.

"अल्विन, चल निघू."

त्याने टोपी काढली. खांदे पाडले. टेबलावरचं तबक दोन्ही हातांनी उचललं.

"कमिंग, सर..."

आवाज अल्विनचा नव्हता. पातळ होता, सुकलेला. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. मोजे नव्हते. त्याला ते काढताना मी पाहिलं नव्हतं. तो जिन्याकडे निघाला आणि फरशीवर त्याची ओली पावलं उमटली... आणि त्यांच्या मागे आणखी पावलं उमटली. एक जोडी. मग दुसरी. मग रांगच. पट्... पट्... अनवाणी पायांचा आवाज, आणि वर माणूस एकच.

हात धरून ओढला, हलेना. मग मी दाराकडे धावलो. शेल्फवर माझे बूट होते. अल्विनचा खण रिकामा.

परत आलो तेव्हा तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होता. मी खाली बसलो, त्याचा पाय धरला. बर्फासारखा गार. माझा आठ नंबरचा बूट त्याच्या अकरा नंबरच्या पायात टाच दाबून कोंबला. दुसरा चढवताना कुणीतरी माझ्या मनगटावर हात ठेवला. दिसत कुणी नव्हतं. कानाशी श्वास आला, साखरेच्या वासाचा.

"मग राहणार कोण...?"

मी भ्यालो होतो. घाबरलो की मला राग येतो. मी मराठीतच म्हणालो, "आधी याला सोड. मग बघू."

हात सुटला.

तबक खाली पडलं. अल्विनला ढकलत, ओढत मी गल्लीत आणलं. पाऊस पडत होता. तो टाचा चेपलेल्या बुटांकडे बघत राहिला.

"तुझे बूट माझ्या पायात कसे, दीना?"

"तुला काय आठवतंय?"

"कुणीतरी मला नावाने हाक मारली... ओळखीच्याने मारावी तशी."

मी ओल्या मोज्यांनी पुढच्या दाराशी गेलो आणि मिसेस डॉड्रिजला म्हटलं, बाई, माझ्या मित्राचे बूट आत राहिले. ती माझ्या पायांकडे बघत राहिली. तिचा रंग उतरला. "तिथे काढायला कुणी सांगितलं तुम्हाला?" म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

अल्विन आता ठीक आहे. जेवतो, क्रिकेट बघतो, मला शिव्या देतो. माझ्याच बाबतीत वेगळं चाललंय. रोज साडेतीनला, तिथे घंटा वाजली त्या वेळेला, पायाखालची फरशी ओली लागते. घरात तर कार्पेट आहे. आणि पाय उठतात. पायात बूट असले तर दारापर्यंत जाऊन थांबतात. एकदा नव्हते, तेव्हा स्टेशनवर सापडलो, दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत. म्हणून देवापुढेही बूट घालून बसतो. देव्हाऱ्यातल्या घंटीचा लोलक मी काढून कपाटात ठेवलाय. अर्चना चिडली. तरी साडेतीनला घंटी वाजते.

मागच्या आठवड्यात पार्सल आलं. आत अल्विनचे अकरा नंबरचे बूट. पॉलिश असं केलेलं, की तोंड दिसावं. उलटे केले तर तळवे झिजून आरपार भोकं, जणू कुणी वर्षानुवर्षं दगडावर चालत काढलीत. सोबत दोन ओळींची चिठ्ठी: बूट परत करत आहोत. तुमचा खण रिकामा ठेवला आहे.

वर माझं नाव आणि घरचा पत्ता, अचूक. तो मी तिथे कुणालाही सांगितला नव्हता. तो फक्त बुकिंगवर होता. म्हणजे बुकिंग होतं, आम्ही पुढच्या दाराने आत जायला हवं होतं, आणि हे त्या बाईला आता ठाऊक आहे. चिठ्ठी मी चारदा वाचली. माफीचा एक शब्द नाही.

सव्वातीन झालेत. नाडी घट्ट बांधतो आणि थांबतो. बाकी कुणाशी माझं काही नाही. माफी मागायची राहिलीय ती एकाच बाईने, मिसेस डॉड्रिजने.