ओलं गोणपाट

तुम्हाला पटो न पटो, मी शपथेवर सांगतो. हे माझ्या मामेभावाच्या, दादाच्या बाबतीत खरोखर घडलंय.

त्यांचा माती खोदकामाचा धंदा. अप्पांनी, म्हणजे माझ्या मामांनी, तो एका जुन्या बुलडोझरवर उभा केला. बुलडोझरचं नाव म्हातारी. थंडीत सुरू होताना ती खोकायची, पाठोपाठ अप्पाही खोकायचे. मामी म्हणायची, "ही माझी सवत आहे हो!"

त्या रविवारी अप्पा घरी अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी हात टेकले होते. उशाशी दादाची बहीण, ताई, बसली होती. संध्याकाळी दादा यार्डाला कुलूप लावायला एकटाच आला.

आतून इंजिनाचा आवाज येत होता...

म्हातारी सुरू होती.

वर्षभर ती उभी होती. बॅटरी काढलेली. टाकीत डिझेलचा थेंब नाही. आणि सीटवर...

कुणीच नाही.

दादा म्हातारीवर चढला. त्याने चावी फिरवून पाहिली. डिझेलचा कॉक बंद केला. उलट आवाज चढत गेला. धाप लागल्यासारखा...

डिझेल इंजिन असं बेफाम झालं की उपाय एकच. त्याची हवा तोडायची. हे अप्पांनीच शिकवलेलं. दादाने गोणपाट भिजवलं आणि हवा ओढणाऱ्या पाइपच्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरलं.

इंजिन आचके देऊ लागलं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हात मोकळे नव्हते. वाजून थांबला. पुन्हा वाजला.

एक शेवटचा आचका... आणि सगळं शांत.

फोन तिसऱ्यांदा वाजला. दादाने उचलला. ताई रडत होती.

"फोन का उचलत नव्हतास रे? अप्पांचा श्वास कोंडला होता... कुणी तोंड दाबून धरल्यासारखे हात झाडत होते!"

"आणि आता?"

"आत्ताच... गेले रे."

दादाने गोणपाट भिरकावलं. "सुरू हो गं म्हातारे, सुरू हो!" बॅटरी नसलेल्या यंत्राची चावी तो वेड्यासारखा फिरवत राहिला. म्हातारी हललीसुद्धा नाही.

यालाही आता दोन वर्षं झाली.

गेल्या महिन्यापासून यार्डात माती भरायचा एक लोडर आपोआप सुरू आहे. दादा स्वतः चालवायचा तो. टाकी केव्हाच रिकामी झाली. मेकॅनिक बंद करायला आला, तर वहिनी पाइपसमोर आडवी उभी राहिली. तेव्हापासून कुणी जवळ जात नाही.

काल दादाचा फोन आला. "ऐक," म्हणाला, आणि फोन लोडरकडे धरला.

"आवाज जड झालाय का रे?"

मी म्हणालो, "छे, काहीतरीच."

झाला होता...