खाकी कव्हराखालची मुलगी

तो काउंटरपाशी आला तेव्हा मी एका नव्याकोऱ्या पुस्तकाला खाकी कव्हर घालत होते आणि माझं डोकं तापलेलं होतं.

"मराठी ना तुम्ही?" तो हसला. "कोपरे असे आत दुमडायला मला आईने शिकवलं होतं. दर जूनमध्ये..."

१९८६ सालचा ऑक्टोबर होता. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या त्या लायब्ररीत नोकरीला लागल्यापासून चार वर्षांत मराठी माझ्या कानावर पडली नव्हती. एरवी मी हरखले असते.

"पुस्तक खराब होऊ नये म्हणून नाही घालत," मी म्हणाले. "हे चित्र दिसू नये म्हणून घालतेय."

"का? काय झालं चित्राला?"

बस, एवढंच विचारायला हवं होतं मला कुणीतरी. दीडशे वर्षांपूर्वीच्या लेक सुपीरियरवरची गोष्ट. नायिकेची आई ओजिब्वे या तिथल्या मूळ आदिवासी जमातीची, वडील ब्लॅक, आणि ती वादळाशी बोलते. तीनशे पानं सावळ्या हातांनी होडी वल्हवते. आणि कव्हरवर कोण? सोनेरी केसांची गोरी पोरगी.

"इथे डेनीस येते," मी म्हणाले. "चौदा वर्षांची. तिची आईही ओजिब्वे, वडील ब्लॅक. जन्मात पहिल्यांदा तिच्यासारखी मुलगी पुस्तकात आली, तर तिने ते हातातसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, नॉट फॉर मी. चित्रकाराने पुस्तक वाचलं असतं तर..."

"वाचायला देत नाहीत," तो हळूच म्हणाला. "वर्णनाचं एक पान पाठवतात. मुलगी, होडी, वादळ..."

"तुम्हाला काय माहीत?"

तो ओल्या कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिला. "मीच काढलंय ते."

हातातली चिकटपट्टी माझ्याच बोटाला चिकटली. माणूस दिसायला छान होता, हे तेव्हाच लक्षात आलं आणि त्याचाही राग आला.

"त्या पानात ती सावळी आहे असं नव्हतं?"

"होतं. मी तशीच काढली होती. मग प्रकाशकाचा फोन आला... रंग लाइट कर, नाहीतर मुलं पुस्तक घेणार नाहीत. पुढचं काम जाईल म्हणून घाबरलो मी. केली."

निदान खोटं तरी बोलला नाही.

त्याचं नाव प्रसन्न. त्याने तेच पुस्तक घरी नेलं आणि मग दर गुरुवारी यायला लागला. मी त्याच्याशी भांडायची, तो ऐकायचा. थंडी वाढली तसे आम्ही 'अहो'वरून 'अरे'वर आलो. मी गुरुवारी बरी साडी... नव्हे, बरा स्वेटर घालायला लागले, तो माझा प्रश्न.

"शरयू, एक कॉफी तरी घेशील?" जानेवारीत त्याने विचारलं. "दुसऱ्या भागाचं कव्हर माझ्याकडेच आलंय यार, सेलिब्रेट करू."

"त्या मुलीला तिचा चेहरा मिळू दे. मग घेईन."

तो कोटाची बटणं लावून निघून गेला. नंतरचे सहा गुरुवार आला नाही.

मार्चमध्ये दुसरा भाग आला. मी खोका फोडला आणि बघतच राहिले. पुन्हा सोनेरी केस. संताप आला, आणि रडूही. आत चित्रकाराचं नाव पाहिलं. ते त्याचं नव्हतं.

गुरुवारी तो आला, हातात खाकी कागदाची गुंडाळी घेऊन. "त्यांनी पुन्हा लाइट कर म्हटलं. मी नाही म्हटलं. आता ते मला काम देणार नाहीत," तो म्हणाला. "तिला तिचा चेहरा मिळालाच नाही, तुला सांगायला तोंड नव्हतं... म्हणून आधी हे काढलं."

कागदावर काळ्या शाईने ती होती. वारा, वल्हं, रुंद कपाळ, दाट कुरळे केस. चेहऱ्याला त्याने रंग लावलाच नव्हता, कागदाचाच राहू दिला होता.

पहिल्या भागाचं कोरं कव्हर काढून आम्ही मिळून हे घातलं आणि पुस्तक शेल्फवर दर्शनी ठेवलं. चार वाजता डेनीस आली. शेल्फपाशी थबकली, पुस्तक उचललं, आणि तिथेच जमिनीवर बसून वाचायला लागली.

"आता कॉफी?" प्रसन्नने विचारलं.

"तुझ्यावर प्रेम आहे माझं," मी म्हणाले, "पण देशभरच्या दुकानांत अजून ती गोरीच बसलीय. कॉफी मी करते. तू टाइपरायटर घे आणि त्या प्रकाशकाला पत्र लिहायला लाग. खाली दोघांची सही."